‘ते कलम फक्त बाबांसाठी आहे का?’

वाचकाचं पत्र

ताई, सलाम.

मी ५४ वर्षांची आहे. सदर भागात राहते. मंडळीत वीस वर्षांपासून संडे स्कूल घेते. मिस्टर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आहेत. मुलगा २९ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आला आणि जेवताना त्यानं सांगितलं की तो आणि त्याचा मित्र चार वर्षांपासून जोडीदार म्हणून सोबत राहतात. आता डिसेंबरात वीसेक जवळच्या माणसांना जेवायला बोलावून ते हे सगळ्यांना सांगणार आहेत. कायद्यानं लग्न होत नाही, हे दोघांना ठाऊक आहे. त्याला एवढंच हवंय की मी यावं आणि जेवणाआधी प्रार्थना करावी.

मिस्टर ताटावरून उठले. तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. मला म्हणतात, गेलीस तर शास्त्र सोडलंस असं समज आणि संडे स्कूलही सोड. एका उपास-प्रार्थनेत असल्या मुलांची ‘सुटका’ होते असं कोणी त्यांना सांगितलंय, तिथे त्याला न्यायचं त्यांच्या डोक्यात आहे.

आणखी एक. मागच्या वर्षी आमच्या घरची बुधवारची प्रार्थनासभा गल्लीतल्या काही पोरांनी बंद पाडली. ‘हे लोक धर्मांतर करून राहिले’ म्हणून आरडाओरड झाली, पोलीस आले. मिस्टरांनी दारात उभं राहून पोलिसांना संविधानाचं २५ वं कलम म्हणून दाखवलं. मुलगा तेव्हा घरीच होता. यावेळी निघताना तो मला म्हणाला, “आई, त्या दिवशी बाबा जे कलम सांगत होते, ते फक्त बाबांसाठी आहे का?” मला उत्तर देता आलं नाही.

मी जाऊ का? पाळकांना आशीर्वादासाठी बोलावू का? आणि व्हॉट्सॲपवर येतं की परदेशात पाळकांना अशी लग्नं लावायला भाग पाडतात, नाही लावली तर तुरुंग. इथेही तसं होईल का?

– एक आई, नागपूर

ताईंचं उत्तर

भगिनी, सलाम.

तातडीचं आधी सांगते, बाकीचं निवांत. मुलाला त्या उपास-प्रार्थनेला नेऊ नका, आणि मिस्टर नेतो म्हणाले तर आडव्या या. समलिंगी असणं हा आजार नाही, हे आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच स्पष्ट सांगितलंय. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की अशा माणसाला ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल. जे डॉक्टरला मना आहे ते मांडव घालून, माइक लावून केलं म्हणून चांगलं होत नाही. प्रार्थनेवर माझा भरवसा आहे, म्हणूनच म्हणते. ज्याच्यासाठी करायची त्याला फसवून किंवा रडवून तिथे बसवायचं, याला मी प्रार्थना म्हणत नाही. या एका बाबतीत मध्यम मार्ग शोधत बसू नका.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. पोरगा हुशार आहे. त्यानं नेमकं दुखत्या जागी बोट ठेवलंय, म्हणून तुम्हाला उत्तर सुचलं नाही.

मिस्टरांनी पोलिसांपुढे ते कलम म्हटलं तेव्हा सुरुवात कुठून केली असेल, ते आठवून बघा. आपण ‘धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य’ एवढंच लक्षात ठेवतो. कलमात त्याच्या आधी आणखी एक गोष्ट आहे, सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. आधी माणसाचं अंतःकरण, मग त्याचा धर्म. सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत का होईना, पण मिळतं ते ‘सर्व व्यक्तींना’. तिथे मंडळीचं नाव नाही की कमिटीचं नाही.

नागपूरच्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. १९५६ साल घ्या. तेव्हा आपलं शहर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला त्या सरकारनं १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. मिशनवाल्यांबद्दल इतका कडक की आमच्या घरी पुढची कित्येक वर्षं ‘नियोगी’ हे नाव निघालं की आजोबा चष्मा काढून पुसायला लागत. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, इथल्याच मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह धम्मदीक्षा घेतली. माणसानं आपलं अंतःकरण कुठे ठेवावं, हे सरकारनं तपासायचं की माणसानं ठरवायचं? दोन्ही उत्तरं एकाच शहरात, एकाच वर्षी मिळाली. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या लोकांना तो निकाल आजही टोचतो. पण त्यामागचं कारण मिस्टरांना एकदा सावकाश वाचायला सांगा: समोरच्याचं अंतःकरणही तेवढंच स्वतंत्र आहे. गल्लीतली पोरं तुमचं दार बडवत होती तेव्हा तुम्हाला याच गोष्टीचा आधार होता. आता मुलगा तोच मागतोय.

मात्र मुलाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत सगळं बरोबर आहे असं समजू नका, आणि त्यालाही समजू देऊ नका. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर निकालानं दोन सज्ञान माणसांचं असं नातं गुन्हा राहिलं नाही. लग्नाचं मात्र वेगळं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की लग्न करण्याचा मूलभूत हक्क संविधानात नाही, समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची की नाही ते संसदेनं ठरवावं. लग्नाखेरीज अशा जोडप्यांच्या नात्याला काही कायदेशीर रूप देता येईल का, यावर मात्र त्यांच्यात तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तेही नाकारलं गेलं. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा आज २५ वं कलम दाखवून तुमचा मुलगा विवाह नोंदणी कार्यालयातून दाखला आणू शकत नाही. पण तो दाखला मागतोच कुठे आहे? तो आईला जेवायला बोलावतोय आणि दोन मिनिटं प्रार्थना कर म्हणतोय. याला परवानगी द्यायला संसदही लागत नाही आणि कमिटीही.

माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. सरकारी कचेरीतल्या लग्नाची दारं या मुलांना उघडावीत असं मला वाटतं. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, आणि तो आहेच मुळी पाळक, भटजी, काझी यांच्यावाचून लग्न करणाऱ्यांसाठी. त्या दारातून कोण आत गेलं यानं आपल्या चर्चचं दार मोडत नाही. कॅथलिक मंडळी घटस्फोट मानत नाही, पण न्यायालय ख्रिस्ती जोडप्यांना घटस्फोट देतं. म्हणून कुठल्या फादरचं धर्मस्वातंत्र्य बुडालं असं मी ऐकलेलं नाही. फादर त्या माणसाचं दुसरं लग्न चर्चमध्ये लावत नाहीत, आणि कायदा त्यांना लाव म्हणत नाही. दोघं आपापल्या जागी नीट नांदतात.

व्हॉट्सॲपवरच्या तुरुंगाचंही इथेच उरकते. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये असा विवाह कायदेशीर झाला, तेव्हा त्याच कायद्यात लिहिलं की कुठल्याही धर्मसंस्थेवर किंवा पाळकावर सक्ती करता येणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाबतीत तर उलटच, त्यांच्या विधीनं अशी लग्नं लावायला कायद्यानंच मज्जाव आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये केंटकीतल्या एका बाईंना पाच दिवस तुरुंगात जावं लागलं, ही बातमी खरी आहे. पण त्या पाळक नव्हत्या. विवाहाचे परवाने द्यायचं काम असलेल्या काउंटीच्या सरकारी अधिकारी होत्या, आणि समलिंगी जोडप्यांना ते परवाने द्यायला त्यांनी नकार दिला होता. आपल्या तहसील कचेरीत खिडकीमागच्या माणसानं ‘माझ्या धर्मात बसत नाही’ म्हणून तुमचा दाखला अडवला तर तुम्ही काय म्हणाल? समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार देणाऱ्या अमेरिकेतल्या केकवाल्याचा खटलाही फिरत असेल. २०१८ मध्ये तो बेकरीवाला जिंकला, पण न्यायालयानं मुख्यतः एवढंच म्हटलं की तिथल्या आयोगानं त्याच्या श्रद्धेकडे तुच्छतेनं बघितलं. मोठा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला. दुकानदाराची श्रद्धा कुठवर चालावी आणि गिऱ्हाइकाचा मान कुठून सुरू व्हावा, हे तिकडे अजून भांडून ठरतंय. पाळकाबद्दल मात्र वाद नाही.

शास्त्राकडे येते. इथे मी मिस्टरांच्या बाजूनं थोडं बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांची बाजू ताटावरून उठण्यापुरतीच आली आहे.

ते काही मनचं सांगत नाहीत. अशा संबंधांना मनाई बायबलात लेवीयच्या १८ व्या अध्यायात आहे, पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात त्यांचा निषेध आहे, आणि मत्तयच्या १९ व्या अध्यायात प्रभूनं स्वतः लग्नाबद्दल बोलताना उत्पत्तीतली नर-नारीची गोष्ट काढली आहे. दोन हजार वर्षं बहुतेक मंडळ्यांनी हे असंच वाचलं, आणि जगातल्या बहुतेक ख्रिस्ती लोकांची अधिकृत शिकवण आजही तीच आहे. दुसरी माणसंही तीच वचनं वाचतात आणि म्हणतात की पौल ज्या जगाबद्दल लिहीत होता तिथलं दास-मालकांचं आणि भोगाचं चित्र वेगळं, दोन माणसांनी एकनिष्ठ राहून केलेला संसार त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. मला हे दुसरं वाचन पटतं. पण पहिलं वाचणाऱ्याला मी द्वेष्टा म्हणणार नाही. माझे वडील तसंच वाचत, आणि त्यांच्याएवढा मायाळू माणूस मी बघितला नाही.

पण ‘चर्च एकच काय ते सांगतं’ असं मिस्टर म्हणत असतील, तर हे काही खरं नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ३७७ कलमातला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होते. डिसेंबर २०१३ मध्ये ते जिंकले. आणि त्याच वेळी मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस म्हणाले की समलिंगी विवाहाला आमचा विरोध आहे, पण या माणसांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. कॅथलिकांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हे नातं चूक म्हटलंय, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात या माणसांना आदरानं, कणवेनं, हळुवारपणे स्वीकारा, अन्यायाचा भेदभाव करू नका, असंही म्हटलंय. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, १८ डिसेंबर २०२३ ला, व्हॅटिकननं एक पत्रक काढलं: अशा जोडप्याला फादर साधा आशीर्वाद देऊ शकतात, फक्त तो लग्नाचा विधी वाटता कामा नये. आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांनी ते आमच्याकडे नको म्हणून कळवलं. एकाच पोपच्या छत्राखाली हे असं.

आपल्या हिस्लॉप साहेबांचं घ्या. कॉलेजला नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांना पाठवलं होतं स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं. ते चर्च दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, निघालं होतं, कारण जमीनदारानं मंडळीवर पाळक लादायचा आणि सरकारनं त्याला साथ द्यायची, हे साडेचारशेहून जास्त पाळकांच्या मनाला पटलं नाही. पगार आणि राहती घरं सोडून ते बाहेर पडले. म्हणजे नागपुरातल्या मिशनचं मूळच ‘माझं अंतःकरण कोणाच्या हुकमाखाली नाही’ या भांडणात आहे. पुढे त्या शाखेतला मोठा भाग १९२९ मध्ये मूळ चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये परत मिसळला. त्याच चर्चनं मे २०२२ मध्ये ठरवलं की ज्या पाळकाला इच्छा आहे त्यानं अर्ज करून समलिंगी लग्न लावावं, ज्याला नाही त्याला कोणी विचारणार नाही. वेगळं राहिलेलं फ्री चर्च आजही विरोधात आहे. हिस्लॉप असते तर कुठल्या बाजूला बसले असते कोण जाणे. ते १८६३ मध्येच पूर आलेली नदी ओलांडताना बुडून वारले.

आता एक घरची गोष्ट सांगते.

२९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. सहा वेगवेगळी चर्चेस एक झाली. मी नऊ वर्षांची होते. मला त्यातलं आठवतं ते नवे बूट चावत होते एवढंच. पण घरात त्या दिवसाचा परिणाम काय झाला ते पक्कं आठवतं. बाबा स्कॉटिश मिशनच्या घरातले, बाळपणी बाप्तिस्मा झालेले. आईचं माहेर दमोहचं, डिसायपल्स मिशनचं. तिच्याकडे माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतो, मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणं म्हणजे तिच्या माहेरी नुसता खेळ. १९७१ मध्ये माझा भाऊ झाला आणि घरात जुंपली. बाबा म्हणाले लगेच करू, आई म्हणाली त्याचं त्याला ठरवू दे. आजी मध्ये पडून दोघांना रडवायची.

हीच जुंपणी त्या सहा चर्चेसमध्येही होती, आणि लहानसहान नव्हती. युरोपात याच प्रश्नावरून ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांना नदीत बुडवून मारलेलं आहे. नागपुरात जमलेल्यांनी काय केलं? दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये ठेवल्या. आणि ज्या पाळकाच्या मनाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही त्याला सूट दिली: त्यानं स्वतः करू नये, दुसऱ्या पाळकाला बोलवावं.

आमच्याकडे झालं ते तसंच. आई शेवटी कबूल झाली. पण तेव्हाचे आमचे पाळक निघाले आईच्याच मताचे. बाबांना म्हणाले, “माझं मन घेत नाही हो. दुसऱ्यांना बोलावतो.” बोलावलं. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसले, गाण्यात सूर लावला, नंतर आमच्या घरी सावजी मटण पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी आईला शिंक्यातलं लोणचं मागायला आले. त्यांचं मत बदललं नव्हतं. मरेपर्यंत बदललं नाही.

सहिष्णुता म्हटलं की माझ्यापुढे तो पहिला बाक येतो. लोकांना वाटतं की समोरच्याचं मान्य केलं म्हणजे सहिष्णुता. मान्यच असेल तर सोसायचं काय राहिलं? न पटणाऱ्या ठिकाणी हात मागे घ्यायचा आणि माणूस मात्र मागे घ्यायचा नाही, हे अवघड काम आहे, आणि ते आपल्याच शहरात लिहून ठेवलेलं आहे. बाप्तिस्मा हा तर संस्कार. त्यावर ज्यांना मतभेद ठेवून एका टेबलावर प्रभुभोजन घेता आलं, त्यांच्या नातवंडांना डिसेंबरातलं एक जेवण जड का व्हावं?

मिस्टर म्हणतील, बाप्तिस्म्याची पद्धत वेगळी आणि पाप वेगळं. म्हणू द्या. हा आक्षेप पोकळ नाही, आणि तुम्ही त्यांना वादात हरवूही शकणार नाही. प्रयत्नही करू नका. फक्त एक विचारा, वाद संपल्यावर, रात्री: त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी जे पहिल्यांदा ख्रिस्ती झाले, त्यांच्या घरच्यांनी काय केलं होतं? मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट बहुधा असतेच. कुणाच्या नावानं आंघोळ केली, कुणाचं जिवंतपणी श्राद्ध घातलं, कुणाला विहिरीवरून हाकललं. नारायण वामन टिळक, जे काही काळ आपल्या नागपुरातही होते, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. मग त्या परत नांदायला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊन, नवऱ्याचा धर्म मान्य न करता. टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, त्यांच्या मनानं, त्यांच्या वेळेला. तो झाला नसता तरी त्या त्या घरात राहिल्याच असत्या, असं मला वाटतं. ज्यांचे पूर्वज अंतःकरणाचं ऐकलं म्हणून घराबाहेर पडले, त्यांनी आपल्या पोराला त्याच दारातून बाहेर काढावं का, हे मिस्टरांना ठरवू द्या. उत्तर लगेच मागू नका.

तर, जाऊ का? जा.

प्रार्थना करा, पण तुमची. ज्या वाक्यावर तुमचं मन आमेन म्हणत नाही ते वाक्य मुलाला बरं वाटावं म्हणून बोलू नका. संडे स्कूलची बाई खोटं बोलली की पोरांना लगेच कळतं, तुमच्या पोराला तर कळेलच. हे लग्न आहे की नाही, यावर तुमच्या मनाचा निर्णय झालेला नसेल तर प्रार्थनेत तो करण्याची गरज नाही. जेवणाबद्दल आभार माना, ज्यांनी शिजवलं त्यांच्यासाठी मागा, दोघांना एकमेकांशी खरं वागायचं बळ मागा, आजारपणात एकमेकांजवळ राहता यावं म्हणून मागा. एवढ्यावर मिस्टरही आमेन म्हणू शकतील.

पाळकांना बोलावू नका. आपल्या चर्चमध्ये अशा आशीर्वादाचा विधी नाही. तुम्ही आग्रह केला तर ते एक तर नकार देऊन तुमच्या नजरेतून उतरतील किंवा लपूनछपून येऊन नंतर बिशपांपुढे अडचणीत येतील. नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे. पण त्यांना भेटा. डिसेंबरच्या आधी, स्वतः, कोणी कानात सांगण्यापूर्वी. सांगा की मी जाणार आहे, तुम्हाला विचारत नाही, कळवतेय. आणि असंही सांगा की मी संडे स्कूलमध्ये या विषयावर माझं मत पोरांना शिकवणार नाही, तो मंडळीचा वर्ग आहे. सिव्हिल लाइन्समध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्यालय आहे. माणसाच्या लैंगिकतेवर मंडळ्यांनी शांतपणे बोलावं म्हणून त्यांनी चर्चासत्रं घेतलेली आहेत. पाळकांना बोलायचं असेल तर त्यांना पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, सदरहून दहा मिनिटांवर आहे.

कमिटीनं तरीही वर्ग सोडा म्हटलं तर? सोडा. ग्रुपवर भांडू नका, सह्यांची मोहीम काढू नका. कोणी शिकवायचं ते ठरवायचा हक्क मंडळीला आहे, आणि हाच हक्क आपण सरकारकडे मागतो. पण रविवारी बाकावर जाऊन बसा. तिथून कोणी उठवू शकत नाही. वीस वर्षांची बाई वर्गाबाहेर पण बाकावर बसलेली दिसली की चार घरांत बोलणं निघेल. आपल्या मंडळीत अशी तुमच्याएवढीच गप्प बसलेली दुसरी आई नसेल, हे मला खरं वाटत नाही.

मुलालाही एक सांगायचंय. त्याचा प्रश्न बरोबर होता, पण तो त्यानं आईला विचारला, बाबांना नाही. वडील ढोंगी आहेत असं त्यानं मनात धरलंय. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं सगळं डोळे मिटून मानायला साफ नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायचं नाही, असा त्यांचा रोख होता. तुमचा मुलगा त्याच मातीतला आहे, त्याला मिस्टरांच्या मताची भीती वाटायला नको. पण मिस्टरांनाही आपलं मत ठेवायची मोकळीक त्याला द्यावी लागेल. बाबा आले नाहीत तर त्या दिवशी त्यांच्या नावानं टोमणा मारायचा नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. आणि येणार असतील तर प्रार्थनेला डोळे मिटायची सक्ती नाही, नुसतं जेवून जा, असं त्यानं स्वतः फोन करून सांगावं.

बुधवारची सभा सुरू ठेवा. गल्लीतली पोरं परत आली तर मिस्टर पुन्हा ते कलम म्हणतीलच. या खेपेला पहिल्या शब्दापासून म्हणा म्हणावं.

एक शेवटची गोष्ट, खटकली म्हणून. एवढ्या लांब पत्रात तुम्ही त्या दुसऱ्या मुलाला ‘मित्र’ म्हटलंय, तो कुठला, काय करतो, त्याच्या घरी कोण आहे, एक ओळ नाही. चार वर्षं तो तुमच्या मुलाला जेवायला वाढतोय किंवा तुमचा मुलगा त्याला. त्याची आई आहे का? येणार आहे का? मुलाकडून तिचा नंबर घ्या आणि जायच्या आधी तिला एक फोन करा. काय बोलायचं सुचलं नाही तर डिसेंबरात पुण्यात थंडी किती असते ते विचारा. आंबिया बहाराची संत्री तोवर बाजारात असतील. दोन पेट्या बांधून घ्या, एक तिच्यासाठी.

– ताई